आजीचे गंज आणि कल्हईवाले चाचा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे महालक्ष्म्यांच्या आठवडाभर आधी, आमच्या गावच्या घरी चार पितळी भांड्यांना कल्हई करून घेतली. ज्यांनी ती केली ते चाचा वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातल्या गावांमधून फिरतात. त्यांचे दुकान नाही, पाटी नाही, आणि त्यांच्या कामाविषयी आजवर कोणी चार ओळी लिहिल्या असतील असे वाटत नाही. ज्यांच्या घरी आजी-पणजीची भांडी माळ्यावर पडून आहेत आणि सणाला सगळे घर एकत्र जमते, त्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. काम मला अतिशय आवडले. जे खटकले तेही पुढे लिहिले आहे.

ही भांडी आजीची. दोन गंज, दोन बगोणी, एक कोपर आणि एक तांब्याचा गुंड. पुण्याकडे ज्याला पातेले म्हणतात त्याला आमच्याकडे गंज म्हणतात, आणि परातीला कोपर. बगोणे हेही पातेल्याच्याच जातीचे, आणि गुंड म्हणजे पाण्याची घागर. आबाजींनी, म्हणजे आजोबांनी, हे दोन्ही गंज भंडाऱ्याहून आणले होते. भंडारा हे पितळेच्या भांड्यांचे गाव, आणि तिथून आणलेले भांडे नातवंडांपर्यंत टिकते असा त्या काळी लोकांचा विश्वास होता. वरठीला भंडारा रोड स्थानकावर गाडीत बसायचे, पुलगावला उतरायचे आणि पुढे पुलगाव-आर्वीच्या लहान गाडीने यायचे, असा तो प्रवास. ती लहान गाडी आता बंद झाली. मोठा गंज आबाजींनी अख्ख्या वाटेने मांडीशी धरून आणला आणि त्याच्या पोटात आजीसाठी बांगड्यांचा पुडा ठेवला होता, हे आजी आम्हाला दरवर्षी महालक्ष्म्यांच्या आदल्या रात्री सांगत असे, आणि दरवर्षी बांगड्यांचा रंग सांगताना थोडी थांबत असे.

मोठा गंज फक्त महालक्ष्म्यांचा. वर्षभर तो जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर असायचा आणि पोळा झाला की खाली यायचा. दुसऱ्या दिवशीच्या महानैवेद्याची आंबील त्यात व्हायची. ज्वारीचे पीठ ताकात भिजवून केलेली ती आंबील चाळीस-पंचेचाळीस माणसांना पुरायची. मधल्या गंजात कढी, एका बगोण्यात चिंचेचे पंचामृत, दुसऱ्यात आंबाडीची भाजी. हे चारही पदार्थ आंबट, आणि आंबटाची नि पितळेची जन्माची दुश्मनी. पितळेत तांबे आणि जस्त असते, आणि ताकाच्या किंवा चिंचेच्या आंबटपणाने त्यातले तांबे अन्नात उतरते. अन्नाला हिरवट छटा येते, तोंडाला धातूची चव येते, आणि असे अन्न पोटात गेले तर मळमळ, उलटी होते. मराठीत यासाठी ‘कळकणे’ असा एक नेमका शब्द आहे. कल्हई म्हणजे भांड्याला आतून दिलेला कथलाचा (टिनचा) पातळ थर. तो शाबूत असेपर्यंत आंबट पदार्थ पितळेला शिवत नाही.

आजीला यातले रसायन ठाऊक नव्हते, पण तिची एक परीक्षा होती. ती गंज दाराकडे तिरपा धरायची, आत डोकावून पाहायची आणि म्हणायची, “गंजात तोंड दिसत नसन, तं त्यात आंबट नोको घालू.” आम्ही पोरे रांगेने आपापले तोंड पाहून घ्यायचो.

आजी 2011 मध्ये गेली. त्यानंतर मोठ्या आईने, म्हणजे थोरल्या काकूने, महालक्ष्म्या सांभाळल्या, आणि माणसे वाढली म्हणून स्वयंपाकाची भांडी भाड्याने येऊ लागली. मंडपवाल्याकडची अॅल्युमिनियमची मोठी पातेली चुलीवर चढली आणि आजीचे गंज लुगड्यातच राहिले. मागच्या वर्षी, 2024 मध्ये, पुण्याहून आलेल्या चुलतभावाने आग्रह धरला की एक तरी पदार्थ आजीच्या भांड्यात व्हावा. मधला गंज उतरवला, चिंच लावून बाहेरून सोन्यासारखा घासला आणि त्यात कढी केली. आत कोणी पाहिलेच नाही. पंगत बसायच्या थोडे आधी मोठ्या आईने पळीभर कढी वाटीत घेऊन चाखली आणि काही न बोलता वाटी खाली ठेवली. कढी कळकली होती. तो सगळा गंज तिने स्वतःच्या हाताने मागच्या अंगणात ओतला, आणि नैवेद्याच्या ताटासाठी घाईने स्टीलच्या पातेल्यात वाटीभर कढी पुन्हा केली. त्या दिवशी तिच्या डोळ्यांत पाणी होते. “सासूबाईचं भांडं अन् मी आत पाहिलं नाही,” एवढेच ती संध्याकाळपर्यंत म्हणत राहिली. तेव्हाच मी ठरवले की पुढच्या महालक्ष्म्यांच्या आत चारही भांड्यांना कल्हई करायची.

सुरुवात चुकली. हिवाळ्यात मी एक बगोणे शहरातल्या एका दुकानात दिले. चार दिवसांनी ते आतून-बाहेरून झगझगीत होऊन आले, पण ती कल्हई नव्हती, मशिनवर केलेली पॉलिश होती. एक लिंबू पिळून तासभर ठेवले तर आत हिरवट डाग उमटले. त्याहून मोठे नुकसान बाहेरच्या बाजूला झाले होते. आमच्या भांड्यांवर नावे घातलेली आहेत. पूर्वी लग्नात भांडे द्यायचे तर भांडेवाला छिन्नी-हातोडीने ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरे ठोकून द्यायचा. त्या बगोण्यावर आत्याच्या लग्नाची तिथी आणि भांडे देणाऱ्या मामाचे नाव होते. पॉलिशने त्यातली अर्धी अक्षरे गेली. आत्याला हे सांगायला मला दोन महिने लागले.

चाचा मला आठवडी बाजारात भेटले. भांड्यांच्या दुकानापुढे जमिनीवर बसून ते एका हॉटेलवाल्याचे मोठे पातेले करत होते. मी माझी भांडी कोणती, कधीची, कशासाठी हवीत ते सांगितले, तेव्हा त्यांनी भाव सांगण्याआधी एकच प्रश्न विचारला, “त्यात शिजवनार का, का शोकेसमंदी ठेवनार?” शिजवणार म्हटल्यावर ते घरी यायला तयार झाले. शोकेससाठी असेल तर कथील वाया घालवू नका, असे त्यांचे स्पष्ट मत आहे आणि मला ते पटले.

पोळ्याच्या तीन दिवस आधी येतो म्हणाले होते, ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आले. मध्ये पावसाची झड लागली होती आणि ओल्या जमिनीत भट्टी पेटत नाही, हे कारण खरे आहे. पण ते फोन वापरत नाहीत, निरोप आला नाही, आणि तीन दिवस घरातले कोणी ना कोणी वाट पाहत बसले. महालक्ष्म्या 31 ऑगस्टला यायच्या होत्या, त्यामुळे माझा जीव टांगणीला लागला होता. कोणाला त्यांच्याकडून काम करून घ्यायचे असेल तर सणाच्या निदान पंधरा दिवस आधीचा वायदा घ्यावा.

तो दिवस तान्ह्या पोळ्याचा होता. लाकडी बैल ओढत निघालेली गल्लीतली पोरे बैलांसकट आमच्या गोठ्यात येऊन उभी राहिली. गोठ्याच्या कोरड्या कोपऱ्यात चाचांनी वीतभर खोल खड्डा खणला, त्यात कोळसा भरला, बाजूने नळी घातली आणि हाताने फिरवायचा पंखा जोडला. चामड्याचा भाता त्यांच्या वडिलांच्या वेळी होता, असे ते म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे कापूस मागितला. विकतचा नको, घरचा द्या म्हणाले. आमच्याकडे मागच्या हंगामातला थोडा कापूस वाती वळण्यासाठी ठेवलेला असतो. तो त्यांनी हातात घेऊन ताणून पाहिला, सरकी निघाली आहे ना ते बघितले आणि त्याचा मुठीएवढा बोळा केला.

त्यानंतर त्यांनी एक गोष्ट आपणहून केली आणि त्यामुळे माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास बसला. कथलात शिसे मिसळून कमी खर्चात कल्हई करणारे असतात, आणि शिसे अन्नात उतरणे कळकण्यापेक्षाही घातक. मी ते विचारावे कसे, या विचारात होते. चाचांनी कथलाची कांडी माझ्या कानाजवळ धरली आणि हळूच वाकवली. कांडीतून करकर असा बारीक आवाज आला, कोरडी काटकी मोडायच्या आधी येतो तसा. “बोलते नं? शिसं असतं तं मुकी राह्यली असती,” ते म्हणाले. शुद्ध कथील वाकवले की ते खरेच असा आवाज करते, आणि शिशाची भेसळ वाढली की तो आवाज बसतो. पोरांनी ती कांडी पुन्हा पुन्हा वाकवायला लावली आणि चाचांनीही न कंटाळता वाकवून दाखवली.

आधी भांडी आतून स्वच्छ केली. पूर्वीचे कल्हईवाले भांड्यात उभे राहून वाळू आणि चिंधी पायाखाली घेऊन गर्रकन फिरायचे, ते आजीकडून ऐकले होते. चाचांनी पातळ तेजाब फडक्याने फिरवले आणि मग वाळूने घासले. मोठा गंज सांडशीत धरून भट्टीवर ठेवला. तो फिरवत फिरवत सगळीकडून सारखा तापवला, आणि मग नवसागराची चिमूट आत टाकली. पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि नाकाला झोंबणारा वास गोठाभर पसरला. नवसागर तापला की धातूवरचा मळकट थर खाऊन टाकतो, आणि त्याशिवाय कथील पितळेला धरत नाही. धूर असतानाच कथलाची कांडी तळाला टेकवली. ती लोण्यासारखी विरघळली, आणि दुसऱ्याच क्षणी चाचांचा कापसाचा बोळा आतून फिरू लागला, तळापासून काठापर्यंत. जिथे जिथे बोळा गेला तिथे तिथे काळपट पिवळ्या पितळेवर चांदी चढत गेली. हे सगळे मोजून मिनिटभराचे काम. त्यात हात थांबला तर डाग राहतो, आणि आच जास्त झाली तर कथील जळून पिवळे पडते. गंज पाण्याच्या घमेल्यात टेकवताच चर्र असा आवाज झाला, आणि दाराशी उभी असलेली पोरे एकदम ओरडली.

नावांच्या बाबतीत मला फार सांगावे लागले नाही. आत्याच्या बगोण्याची गोष्ट ऐकल्यावर चाचा म्हणाले, “बाहीरचं माह्यं कामच नाही, ताई. नाव घातलेल्या भांड्याले मी आतूनच हात लावतो.” मोठ्या गंजावर आबाजींचे नाव आणि गावाचे नाव आहे. सांडशी नेमकी त्या जागी येणार नाही अशा बेताने त्यांनी प्रत्येक वेळी पकड बदलली. शिकलेल्या माणसांच्या दुकानात जे भान मला मिळाले नाही ते इथे मिळाले, हे लिहिताना मला मनापासून बरे वाटते.

कोपर मात्र त्यांनी परत केली. तिच्यात फक्त कणीक मळता ना, मग कल्हई कशाला, असे म्हणून त्यांनी स्वतःचे चारशे रुपये सोडले. तांब्याचा गुंड सांध्यात पाझरत होता. तो डागायला त्यांनी नकार दिला. ते काम कासाराचे, माझ्या हातून बिघडेल, असे सांगितले. साध्या पिण्याच्या पाण्यासाठी तांब्याला कल्हई लागत नाही, हेही त्यांनीच सांगितले. घेतले ते असे: मोठा गंज 700 रुपये, मधला 450, दोन बगोणी प्रत्येकी 250, एकूण 1,650. कथील महाग आहे, भट्टीचा कोळसा त्यांचा, आणि दिवसभराचे काम. मी घासाघीस केली नाही. पावती मिळत नाही.

आता उणिवा. मधल्या गंजाची एक कडी ढिली आहे. ती ठोकून द्या असे मी दोनदा सांगितले, शेवटी ते विसरून गेले आणि माझ्याही लक्षात राहिले नाही. भरलेला गंज उचलताना ती कडी हलते, त्यामुळे सणाच्या दिवशी तो दोघांना फडक्याने धरून उतरवावा लागला. भट्टीने भांडी बाहेरून काळी पडतात आणि ती साफ करून देत नाहीत. आम्हा तिघी जावा-नणंदांची एक दुपार चिंच आणि राख घेऊन त्यातच गेली. धुराचा त्रास खरा आहे. दमेकरी माणसाला आणि लहान मुलांना लांब ठेवा, आणि काम उघड्या, वारा खेळत्या जागीच करून घ्या. आमच्याकडे पोरे फार जवळ आली होती, ती चूक आमची. ज्या बगोण्याला मशिनची पॉलिश झाली होती त्याच्या काठाशी नखाएवढी जागा राहून गेली आहे. तिथे कथलाने धरले नाही. ते भांडे काठापर्यंत भरत नाही म्हणून चालले, पण चाचांनी ते दाखवून द्यायला हवे होते.

महालक्ष्म्यांना यंदा आम्ही त्रेचाळीस माणसे होतो. पहिल्या दिवशी त्या घरात आल्या, भाजी-भाकरीचा नैवेद्य झाला. रात्री मोठ्या आईने चारही भांडी दिव्याखाली ओळीने मांडली. चुलतभाऊ आणि त्याच्या मुली, नागपूरची काकू, यवतमाळची आत्या, सगळ्यांनी वाकून मोठ्या गंजात आपापले तोंड पाहिले. आत्याने आपले बगोणे मांडीवर घेतले आणि उरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत पुसली गेलेली अक्षरे तोंडाने म्हणून दाखवली. तिला तिथीसकट सगळे पाठ होते. मग लग्नात तो मामा भांडी घेऊन बैलगाडीने कसा आला, वाटेत नाला भरला होता, आणि वरातीपेक्षा त्याचीच वाट सगळे कसे पाहत होते, हे तिने सांगितले. मी हे पहिल्यांदाच ऐकत होते. माझ्या वडिलांनाही यातले निम्मे माहीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे चुली पेटल्या. सोळा भाज्या, त्यात दोडके, गवार, काटवल, कोहळे, ढेमसे, धोप्याच्या (अळूच्या) वड्या, पुरण, आणि चारही आंबट पदार्थ आजीच्या भांड्यांत. मोठ्या गंजात आंबील तीन तास राहिली. पंगतीच्या आधी मोठ्या आईने मागच्या वर्षीसारखीच वाटीत घेऊन चाखली, सगळे स्वयंपाकघर तिच्याकडे पाहत होते, आणि तिने वाटी पूर्ण संपवली. आंबील पांढरीशुभ्र होती, चव स्वच्छ होती. दुपारी उरलेली कढी गंजातच राहिली, ती संध्याकाळीही कळकली नव्हती. माझ्या दृष्टीने चाचांच्या कामाला याहून मोठी परीक्षा नाही.

अशी कल्हई टिकवायची कशी तेही लिहिते, कारण त्यांनी ते बजावून सांगितले. “कल्हई आगीनं नाही जात तेवढी तारेनं जाते,” असे त्यांचे म्हणणे. आतून तारेची घासणी, वाळू, राख काही लावायचे नाही. मऊ फडके आणि साबण पुरेसा. ढवळायला लाकडी पळी. आणि रिकामे भांडे कधीही चुलीवर ठेवायचे नाही, फोडणीसुद्धा वेगळ्या कढल्यात करून वरून ओतायची, कारण कथील 232 अंश सेल्सिअसलाच वितळते आणि रिकाम्या किंवा तेलाच्या भांड्यात आच सहज त्याच्या वर जाते. पाणी, ताक, वरण यांसारखे पातळ पदार्थ उकळतात तेव्हा ती भीती नाही. आमच्यासारखा वर्षातून दोन-चार वेळाच वापर असेल तर तीन-चार वर्षे पुन्हा करायला नको, रोजचा वापर असेल तर दर सहा महिन्यांनी आत पाहावे, असे ते म्हणाले.

चाचा पासष्टीच्या पुढे आहेत. मुलगा या कामात नाही. पाऊस संपला की ते पुन्हा फिरतीवर निघतात, आणि दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत त्यांच्याकडे कामाची गर्दी असते. बाजाराच्या दिवशी सकाळी दहाच्या आत भांडेवाल्यांच्या रांगेत गेलात तर भेटतील. आत्या यवतमाळला जाताना आपले बगोणे माझ्याकडेच ठेवून गेली आहे, काठाची ती नखाएवढी जागा भरून घेण्यासाठी. आणि नागपूरच्या काकूने तिच्या सासूचे दोन गंज बसने पाठवले आहेत. ते ओसरीवर पोत्यात आहेत, त्यांच्यासोबत मधल्या गंजाची कडीही या वेळी ठोकून घ्यायची आहे.